डिक्शनरी ॲप घ्यायच्या आधी त्यात 'ॲनॉइड' शोधून बघा

एक इंग्लिश-मराठी डिक्शनरीचं ॲप बरेच महिने रोज वापरतेय, पैसे भरून घेतलेलं, फुकटवालं नाही, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं मी समजते. नाव लिहीत नाहीये कारण यातली बरीचशी दुखणी याच्या भावंडांनाही आहेत आणि मला एकट्या त्यालाच झोडपायचं नाहीये. कुठलंही असलं ॲप घेताना काय तपासायचं ते सांगायचंय.

आधी माझं काम सांगते म्हणजे मी एवढी खोलात का शिरले ते कळेल. मी सबटायटल्स लिहिते, इंग्लिशमधून मराठीत. लोकांना वाटतं या कामात अवघड शब्द म्हणजे कोर्टाचे, हॉस्पिटलचे, अवकाशयानाचे. तसं काही नसतं, त्यांना ठरलेले शब्द असतात, शोधले की सापडतात, विषय संपला. खरी वाट लागते ती चिडण्याच्या शब्दांनी. कुठलीही सिरीज घ्या, दर दोन मिनिटांनी कुणीतरी कुणावर तरी वैतागलेलं असतं आणि इंग्लिशवाले त्यासाठी दर वेळी नवीन विशेषण काढतात, ॲनॉइड, इरिटेटेड, मिफ्ड, पीव्हड, क्रॉस, टेस्टी, क्रँकी, व्हेक्स्ड, एक्झास्परेटेड. म्हणून माझी परीक्षा ठरलेली, कुठलीही डिक्शनरी हातात आली की पहिल्यांदा 'ॲनॉइड' शोधायचं. 'टेबल' आणि 'गाय' सगळ्यांनाच जमतं हो. चिडण्याच्या विशेषणात मात्र माणूस किती चिडलाय, कुणावर, तेवढ्यापुरता की जन्मजात, आणि ते तोंडावर बोलता येतं की पाठीमागेच, एवढं सगळं एका शब्दात कोंबलेलं असतं. डिक्शनरीने यातलं काही सांगितलं नाही तर मग तिने सांगितलं तरी काय.

तर या ॲपमध्ये 'ॲनॉइड' टाकलं की वर निळ्या अक्षरात शब्द येतो, शेजारी स्पीकरचं चिन्ह, खाली 'विशेषण' असं लिहिलेलं, आणि मग एका ओळीत स्वल्पविराम देऊन सात शब्द: चिडलेला, त्रासलेला, त्रस्त, क्रुद्ध, रुष्ट, खिन्न, वैतागलेला. झालं. यातला कुठला कधी वापरायचा, एक अक्षर नाही. आता हे सात शब्द तुम्हीच मोठ्याने वाचून बघा. 'क्रुद्ध' कोण होतं? ऋषी होतात, शाप द्यायच्या जरा आधी. 'रुष्ट' देव होतात, फार तर एखादा कवी. 'त्रस्त' नागरिक असतात, तेसुद्धा बातमीच्या मथळ्यात, घरात कुणी 'मी त्रस्त आहे' म्हणत नाही आणि म्हणालंच तर ते नाटकात काम करत असणार. आणि 'खिन्न' इथे आला कुठून तेच कळत नाही, खिन्न माणूस चिडलेला नसतो, तो उदास असतो, खिडकीशी बसलेला असतो, त्याच्या अंगात चिडण्याएवढं बळ असतं तर तो खिन्न कशाला झाला असता. 'ॲनॉइड'ला सगळ्यात जवळचा जो शब्द, 'वैतागलेला', तो बिचारा सगळ्यात शेवटी. ही यादी करणाऱ्याने संस्कृत-मराठी कोश उघडून वरपासून खाली शब्द उतरवलेत असा माझा दाट संशय आहे.

उदाहरणाची वाक्यं आहेत, हे मान्य करायला हवं, सगळ्या ॲपमध्ये तेवढीही नसतात. पण वाक्य काय, तर 'ही वॉज ॲनॉइड' आणि मराठीत 'तो चिडलेला होता'. अरे पण हे मला वरच कळलं होतं ना! वाक्य कशासाठी असतं, तर तो शब्द कुणाच्या सोबतीने फिरतो ते दाखवायला. कोण, कुणावर, कशामुळे. हे वाक्य म्हणजे त्याच शब्दाला 'तो' आणि 'होता' लावून पुन्हा पानात वाढलाय.

आणखी एक सोय आहे, आख्खं वाक्य टाकून भाषांतर मिळवायची. त्यात मी माझ्या कामातलं रोजचं वाक्य टाकलं, जे कुठल्याही सिरीजमध्ये कुठलीही बायको कुठल्याही नवऱ्याला म्हणते, 'आय ॲम नॉट मॅड, आय ॲम जस्ट ॲनॉइड'. उत्तर आलं, 'मी वेडी नाही, मी फक्त चिडलेली आहे'. म्हणजे नवऱ्याने तिला वेडी म्हटलंय असा सगळा सीनच फिरला. अमेरिकन बोलण्यात 'मॅड' म्हणजे रागावलेलं, वेड्याचा संबंध नाही, आणि तिला म्हणायचंय एवढंच की 'रागावले नाहीये, वैतागलेय फक्त'. असंच 'पिस्ड'चं. अमेरिकेत त्याचा अर्थ जाम वैतागलेला, ब्रिटनमध्ये टल्ली झालेला, आणि ॲपने जो अर्थ दिलाय तो या दोन्ही देशांतला नाही, तो थेट बाथरूममधला आहे. 'क्रॉस'ला फुली, क्रूस, ओलांडणे असं सगळं येऊन गेल्यावर खूप खाली स्क्रोल केलं की 'रागावलेला' सापडतो, ब्रिटिश आई पोराला 'आय ॲम क्रॉस विथ यू' म्हणते तेव्हा तो अर्थ वर असायला हवा ना.

आता खरी गंमत, म्हणजे माझ्या मते या ॲपची सगळ्यात मोठी चूक, आणि ही चूक तपासायला तुम्हाला भाषांतरकार असायची गरज नाही. इंग्लिशमध्ये एकाच शब्दाची तीन पोरं असतात, इरिटेटेड, इरिटेबल, इरिटेटिंग. पहिला आत्ता चिडलाय. दुसऱ्याचा स्वभावच तसा आहे, आत्ता शांत बसला असला तरी. तिसरा स्वतः मजेत आहे, दुसऱ्यांना चिडवतोय. मराठीत हे तीन डबे अगदी स्वच्छ वेगळे आहेत: '-लेला' लागलं की आत्ताची अवस्था, चिडलेला, वैतागलेला, कावलेला. चिडका, चिडखोर, चिडचिडा, तिरसट हे स्वभावाचे. आणि समोरच्याला ताप देणाऱ्याला '-दायक', '-जनक', '-वाणा', त्रासदायक, संतापजनक, कंटाळवाणा, किंवा सरळ 'डोक्यात जाणारा'. म्हणजे आपली भाषा सगळी तयारी करून बसली आहे, आणि ॲपने काय केलंय तर तिघांनाही 'चिडलेला, चिडखोर, त्रासदायक' अशी एकच पेटी दिली आहे. माझ्या एका मैत्रिणीने ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'सॉरी, आय ॲम व्हेरी इरिटेटिंग टुडे', तिला म्हणायचं होतं की आज माझी जरा चिडचिड होतेय, सांभाळून घ्या, आणि लिहिलं काय तर आज मी तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात जाणार आहे. खरंतर दोन्ही खरं होतं पण ते जाऊ दे. 'आय ॲम बोरिंग'ची पण हीच गत, कंटाळलेला आणि कंटाळवाणा यातला फरक मराठीत तिसरीतलं पोरगं चुकणार नाही, तेच इंग्लिशमध्ये आलं की मोठमोठे लोक आपटतात, आणि नेमक्या याच ठिकाणी डिक्शनरीने हात धरायचा असतो.

जाता जाता, आपण मराठी लोकांनी यावर आपला एक तोडगा काढलाय तो मला फार आवडतो. 'मला इरिटेट होतंय.' इंग्लिशमध्ये असं होतच नाही, पण आपण ते 'मला कसंतरी होतंय', 'मला मळमळतंय'च्या साच्यात ओतून घेतलं आणि काम फत्ते. कोण चिडलं, कुणी चिडवलं, काही विचारायचं नाही, बस होतंय. ॲपमध्ये 'इरिटेट' मराठी बोलण्यात कसा वापरतात याची नोंद असती तर मी एक स्टार फुकट दिला असता.

शरीराच्या बाबतीत तर हसून हसून पुरेवाट. 'स्किन इरिटेशन'ला 'त्वचेची चिडचिड'. त्वचेची चिडचिड होत नाही हो, त्वचेची आग होते, खाज येते, चुरचुरतं, झोंबतं, डोळ्यांत खुपतं. एवढे सुंदर शब्द असताना त्वचेला स्वभाव कशाला द्यायचा. 'इरिटेबल बावेल सिंड्रोम' टाकलं तर 'चिडखोर आतडी' आलं, माझ्या डोळ्यांसमोर सकाळी उठून सगळ्यांवर डाफरणारं आतडंच आलं एकदम. तिथे 'इरिटेबल' म्हणजे जरा काही झालं की लगेच बिथरणारं, संवेदनशील. वैद्यकातल्या शब्दाला तेवढी एक छोटी खूण करून ठेवली असती तर भागलं असतं. 'व्हेक्स्ड क्वेश्चन' म्हणजे खूप वाद घालूनही न सुटणारा किचकट प्रश्न, ॲप म्हणतं 'चिडलेला प्रश्न'. 'ॲग्रव्हेटेड असॉल्ट'मधला 'ॲग्रव्हेटेड' म्हणजे जास्त गंभीर स्वरूपाचा, ॲपमध्ये तो 'चिथावलेला हल्ला' आहे. 'ॲग्रव्हेट'चं मूळ लॅटिनमधल्या 'जड' या अर्थाच्या शब्दात आहे, आधीच वाईट असलेलं आणखी जड करणं, त्यावरून नंतर वैताग आणणं हाही अर्थ आला आणि तो अर्थ चालतो का नाही यावर इंग्लिशमधले शुद्धलेखनवाले अजून भांडतात. आपल्याकडचे ऱ्हस्व-दीर्घवाले एकटे नाहीत हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

हे मला कुठून कळलं, तर याच ॲपमधून, आणि इथे त्याचं मनापासून कौतुक करायचंय. 'शब्दाची गोष्ट' नावाचा एक टॅब आहे, तो ज्याने कुणी लिहिलाय त्याला सगळं ॲप लिहायला द्या. 'एक्झास्परेटेड'च्या पोटात लॅटिनचा 'खरखरीत' बसलाय. 'व्हेक्स' म्हणजे मुळात हलवणं, गदागदा हलवणं, आपण म्हणतो ना 'पार हलवून सोडलं मला' तसं. 'इर्कसम'चा 'इर्क' म्हणजे मध्ययुगीन इंग्लिशीत थकणं, विटणं, म्हणजे इर्कसम काम हे रागापेक्षा उबग आणणारं काम, त्याच त्या फॉर्मवर तीच ती माहिती चौथ्यांदा भरायला लावणारं. 'पीव्हिश' खूप जुना शब्द आहे पण 'पीव्हड' त्याचंच शेपूट कापून विसाव्या शतकात केलेला. आणि 'ॲनॉय' ज्या लॅटिन शब्दप्रयोगातून फ्रेंचमार्गे आला त्याचा अर्थ साधारण 'मला ते नकोसं आहे' असा, त्यातला 'मला' बघा, अगदी आपल्यासारखा, मला वैताग आलाय, मला कंटाळा आलाय, मला नकोसं झालंय. त्याच मुळातून फ्रेंचमध्ये 'ऑन्वी' म्हणजे कंटाळा निघाला. वैताग आणि कंटाळा सख्खे भाऊ, हे आपल्याला शाळेतल्या शेवटच्या तासाला कळलेलंच असतं.

या टॅबमधली माझी सगळ्यात आवडती नोंद 'नेटल्ड'ची. नेटल नावाचं झाड असतं, त्याच्या पानांचा स्पर्श झाला की अंगाची आग आग होते, त्यावरून कुणाचं बोलणं झोंबलं की माणूस 'नेटल्ड'. आणि आपल्याकडे? 'चिडका बिब्बा!' लहानपणी सगळ्यांनी सगळ्यांना चिडवलंय, कुणी खेळात हरून फुरंगटलं की 'चिडका बिब्बा चिडला' सुरू. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांबच्या आणि दोघींनीही चिडक्या माणसासाठी कातडीला झोंबणारी वनस्पतीच शोधून काढली. हे ॲपमध्ये नाहीये बरं का, हे मी जोडलं, त्यांनी मराठी बाजूची गोष्ट कुठेच लिहिलेली नाही, आणि ती लिहायला हवी होती.

मराठी बाजू हाच खरा लंगडा पाय आहे. उलट दिशेने, मराठीतून इंग्लिश शोधायला जा. 'चीड' टाका, 'ॲनॉयन्स' येतं. 'चिडचिड' टाका, पुन्हा 'ॲनॉयन्स'. आता सांगा, 'अन्यायाची चीड' आणि 'सकाळपासून नुसती चिडचिड चाललीये' हे एक आहे का? चीड वजनदार आहे, तिच्यामागे कारण असतं, तत्त्व असतं, माणसं तिच्यापायी रस्त्यावर उतरतात. तोच शब्द दोनदा म्हटला की त्याचं वजन वाढायच्या ऐवजी उतरतं, कारण फुटकळ होतं, झोप झाली नाही, नेटवर्क नाही, चार्जर सापडत नाही. आणि हे दुहेरी शब्द हीच तर आपली खासियत आहे, किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, कटकट, वटवट, रटरट नव्हे ती भाजीची, पण बाकी सगळे वैतागाचे, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. पिरपिर लहान मुलाची, सतत काहीतरी मागत राहणारी. भुणभुण कानाशी लागते आणि बहुतेक वेळा जवळचंच माणूस लावतं. कुरकुर दबक्या आवाजात असते, कामचुकाराची किंवा जुन्या खाटेची. त्यातून 'किरकिरा', 'पिरपिऱ्या', 'कटकट्या' अशी विशेषणं तयार, लावा कुणालाही. यातलं एकही ॲपमध्ये नाही. 'त्रागा' आहे पण त्याला 'अँगर' म्हणून सोडून दिलंय. अहो, त्रागा म्हणजे समोरच्यावरचा राग स्वतःवर काढणं, जेवणार नाही, बोलणार नाही, मीच निघून जाते म्हणजे सुटाल सगळे! याला 'अँगर' म्हणणं म्हणजे... असो.

प्रत्ययांचंही तसंच. मराठीत आपण माणसा*वर* चिडतो, माणसा*ला* वैतागतो, आणि वैताग, चीड, उबग मात्र माणसा*चा* किंवा *ची* येते. 'तो माझ्यावर वैतागला' चालतं, 'तो मला वैतागला' पण चालतं, पहिल्यात त्याने मला काहीतरी सुनावलंय, दुसऱ्यात तो मनातल्या मनात हात टेकून बसलाय. इंग्लिशमध्ये साधारण माणसासाठी 'ॲनॉइड विथ', गोष्टीसाठी 'ॲनॉइड ॲट' किंवा 'अबाउट', आणि ज्याच्यामुळे झालं त्याला 'बाय'. हे चार छोटे शब्द नोंदीत टाकायला किती जागा लागते? नव्या शिकणाऱ्याची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते आणि ॲप याबाबतीत पूर्ण गप्प आहे.

गंमत म्हणजे हे सगळं करता येतं आणि लोकांनी ते फार पूर्वी करून ठेवलंय. हॉर्नबी नावाच्या गृहस्थांनी जपानमध्ये इंग्लिश शिकवता शिकवता शिकणाऱ्यांसाठीचा कोश केला, तो १९४२ मध्ये तिकडेच निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला, शब्द वाक्यात बसतो कसा हे सांगणं हाच त्याचा उद्देश. १९७८ च्या लाँगमनच्या कोशात सगळे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांतच सांगायचे असं बंधन घालून घेतलं होतं, म्हणजे एक अवघड शब्द शोधायला जाऊन दुसरा अवघड शब्द हातात पडत नाही (क्रुद्धवाल्यांनी लक्ष द्यावं). आणि १९८७ चा कोबिल्ड, बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली झालेला, त्यात तर अर्थच आख्ख्या वाक्यात, 'तुम्ही अमुक असाल तर तुम्हाला तमुक वाटत असतं' अशा बोलीत. चिडण्याच्या विशेषणांना ही पद्धत इतकी चपखल बसते, कारण अर्थ वाचतानाच कळतं की हे माणसाबद्दल आहे का कामाबद्दल, थोडं आहे का फार.

मराठीतही जुने लोक कमी नव्हते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, कंपनीच्या फौजेतला अधिकारी हा, आणि त्याने नामापुढे 'व्ही' लिहून त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद येतं, कर, ये, लाग, धर, ते नोंदवून ठेवलंय. म्हणजे राग 'येतो' आणि 'धरतात'ही हे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या छापील कोशातून कळू शकतं आणि माझ्या फोनमधल्या ॲपला अजून कळवायचं सुचत नाही. त्याच्याच इंग्लिश-मराठी कोशाचं काम त्याचा सहकारी थॉमस कँडी याने पूर्ण केलं, तो १८४७ चा. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात भागांत निघाला, त्यात जुन्या वाङ्मयातली उदाहरणं, प्रांताप्रांतातले शब्द, वाक्प्रचार, सगळा खजिना. मोल्सवर्थ आणि दाते दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या साइटवर फुकट शोधता येतात, दिसायला अगदी साधी साइट, निळी बटणं नाहीत, काही नाही, पण काम चोख. अर्थात तिथे आजच्या अर्थाचा 'क्रिंज' किंवा 'हँग्री' सापडणार नाही, भुकेने चिडलेला या अर्थाचा 'हँग्री' ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेलाच मुळी २०१८ मध्ये. त्या एका शब्दासाठी मात्र ॲपला शाबासकी, 'भुकेने पिसाळलेला' असं दिलंय, मी ते तसंच्या तसं एका एपिसोडमध्ये वापरलं.

उच्चाराबद्दल. स्पीकर दाबला की आवाज स्वच्छ येतो, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही, तक्रार नाही. पण खाली देवनागरीत उच्चार लिहितात तिथे घोळ. 'टेस्टी' म्हणजे चवदार आणि 'टेस्टी' म्हणजे जरा काही विचारलं की खेकसणारा, दोन्ही देवनागरीत सारखेच दिसतात. ऐकून फरक कळतो, पहिल्यातला 'टे' लांब आहे, दुसऱ्यातला तोकडा, 'टेस्ट'सारखा. पण वाचून काय कळणार? सर्च बॉक्समध्ये देवनागरीत टाइप करता येतं ही यांची मोठी जाहिरात आहे, आणि 'टेस्टी बॉस' असं टाकलं तर 'रुचकर साहेब' मिळतो. दोन पर्याय दाखवून 'यातला कुठला?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

जाहिराती पैसे भरल्यावर गेल्या, नोटिफिकेशन नाही गेली. 'आजचा शब्द' वेळी-अवेळी येतो, सेटिंगमध्ये बंद करायचं बटण आहे पण अपडेट आलं की ते आपोआप पुन्हा चालू होतं. सर्च हिस्टरी साठते, ऑफलाइन चालतं, फोनमध्ये फार जागा खात नाही, क्विझ लहान मुलांना आवडेल, मला नाही.

एक गोष्ट मात्र कुठलीच डिक्शनरी सांगत नाही, ही नाही, जुनी नाही, आणि माझ्या मते सांगायला हवी. ही विशेषणं लावताना माणूस बघून लावली जातात. तोच आवाज, तीच कपाळावरची आठी, साहेबांची असेल तर साहेब 'कडक', बाईंची असेल तर बाई 'चिडक्या'. म्हातारा 'तिरसट' होतो, मूल 'किरकिरं' होतं, तरुण पोरगा 'ॲटिट्यूडवाला' होतो, आणि राजकारणातला माणूस कितीही पेटलेला असला तरी पेपरात तो फक्त 'नाराज' असतो. स्क्रिप्टमध्ये एखाद्या स्त्री पात्राला 'इरिटेबल' म्हटलं की माझा हात आपोआप 'चिडकी'कडे जातो आणि मग मी थांबून बघते की हेच पुरुषाला म्हटलं असतं तर मी काय लिहिलं असतं. कोशात 'हा शब्द बहुतेक वेळा अमक्याबद्दल वापरतात' एवढी ओळ टाकली तरी लिहिणारा सावध होतो. मेलमध्ये काय चालतं हाही तसाच मुद्दा, 'आय ॲम इरिटेटेड' साहेबांना लिहायचं नसतं, तिथे 'कन्सर्न्ड' लिहितात आणि समोरच्याला बरोबर कळतं. मराठीत 'हे जरा खटकलं' म्हणतात. 'खटकणे' ॲपमध्ये आहे, अर्थ दिलाय 'टू नॉक'.

तर घ्यावं का? शाळेतल्या मुलांना शब्द पाहायला, पेपर वाचताना अडलं तर बघायला, ठीक आहे, घ्या, फुकटवालं पुरे. इंग्लिशमधून मराठीत लिहिण्याचं काम करत असाल तर याला गोष्टीच्या टॅबसाठी ठेवा, अर्थासाठी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्लिश-इंग्लिश कोश वापरा आणि मराठी शब्दासाठी शिकागोवाली साइट. मराठी शिकणाऱ्या अमराठी मित्राला तर अजिबात देऊ नका, तो उद्या तुम्हाला विचारेल तुम्ही माझ्यावर रुष्ट आहात का. पाचपैकी अडीच स्टार, त्यातला दीड एकट्या 'शब्दाची गोष्ट'चा.

अपडेट: 'चूक कळवा' बटणातून आतडं, प्रश्न आणि वेडी बायको तिन्ही पाठवले होते. नवीन व्हर्जनमध्ये बायको दुरुस्त झाली आहे, आता 'मी रागावलेली नाही, मी फक्त चिडलेली आहे' येतं, वाक्य अजून लाकडीच पण निदान तिची अक्कल शाबूत आहे. आतडं अजून चिडखोर आहे. आणि नोटिफिकेशन पुन्हा चालू झालीत, अपडेट केल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बंद करायला विसरू नका.